'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' : अल्बम कसा घडला, पुन्हा पुन्हा का निघाला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा अल्बम माझ्याकडे पहिल्यांदा आला तो पुण्यात कॉलेजात असताना, नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर. अल्बम साधारण 44 मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू 45 मिनिटांची, त्यामुळे अगदी मापाने बसला होता. मित्राने ती कॅसेट कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतली होती आणि त्या कुणीतरी आणखी कुणाकडून. सगळं कसं ब्लँकेटखालून ऐकू यायचं, तरी सोडवत नव्हतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की तेव्हा परदेशात दुकानातून विकत घेतलेली सीडीसुद्धा नकलेवरून काढलेलीच असायची. तेव्हापासून या अल्बमच्या टेपांचा मी पिच्छा पुरवतो आहे. ऐकणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

हा अल्बम नक्की कुणाचा? आणि एवढं कौतुक कशाचं?

किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचा हा पहिला अल्बम. ब्रिटनमध्ये तो आयलंड कंपनीने 10 ऑक्टोबर 1969 रोजी काढला, अमेरिकेत अटलांटिक कंपनीने. ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत अठ्ठाविसाव्या. पाचच गाणी आहेत: '21स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', 'आय टॉक टू द विंड', 'एपिटाफ', 'मूनचाइल्ड' आणि शेवटी अल्बमच्याच नावाचं गाणं.

कौतुक याचं, की त्या काळच्या रॉकचा पाया अमेरिकन ब्लूज होता आणि या पाच जणांनी तो जवळजवळ बाजूलाच ठेवला. त्यांनी जॅझमधून सॅक्सोफोन घेतला, युरोपच्या वाद्यवृंदातून लांब चढत जाणारे स्वरपट घेतले, लष्करी बँडची शिस्त घेतली, आणि हे सगळं रॉकच्या आवाजात वाजवलं. 'प्रोग्रेसिव्ह रॉक'चा हाच पहिला अल्बम, असं म्हणणारे बरेच भेटतील. मी तसं म्हणत नाही. मूडी ब्लूज, प्रोकोल हॅरम आणि द नाइस हे बँड आधीपासून त्याच वाटेवर होते. पण ती वाट कुठपर्यंत जाऊ शकते, हे या अल्बमने दाखवलं.

बँडमध्ये कोण कोण होतं?

गिटारवर रॉबर्ट फ्रिप. बास आणि गायन ग्रेग लेकचं. ड्रम मायकेल जाइल्सचे. इयन मॅकडोनाल्डकडे सॅक्सोफोन, बासरी, क्लॅरिनेट, कीबोर्ड, व्हायब्राफोन, म्हणजे उरलेलं सगळंच. आणि पीटर सिनफील्ड, जो एकही वाद्य वाजवत नव्हता तरी बँडचा पूर्ण सदस्य होता. तो शब्द लिहायचा आणि कार्यक्रमात प्रकाशयोजना करायचा. बँडचं नावही त्याच्याच शब्दांतून आलं. शब्द लिहिणाऱ्याला वाजवणाऱ्यांच्या बरोबरीने बँडमध्ये मोजणं ही तेव्हा फारच वेगळी गोष्ट होती. आपल्याकडे गीतकाराचं नाव तबकडीवर छापून यायचं, पण तो वाद्यवृंदात धरला जात नसे. त्यामुळे मला हे विशेष वाटतं.

जाइल्स सत्तावीस वर्षांचा, सिनफील्ड पंचवीस, फ्रिप आणि मॅकडोनाल्ड तेवीस, आणि ज्या आवाजावर 'एपिटाफ'चा सगळा भार आहे तो लेक अवघा एकवीस वर्षांचा. फ्रिप आणि लेक दोघे डॉर्सेट भागातले, आणि दोघेही पोरवयात बोर्नमथच्या एकाच शिक्षकाकडे गिटार शिकलेले. लेक मुळात गिटार वाजवणाराच. बास त्याने या बँडसाठी हातात धरला. मॅकडोनाल्डने लष्कराच्या बँडमध्ये पाच वर्षं काढली होती आणि वेगवेगळ्या वाद्यांसाठी स्वरलेखन करायला तो तिथेच शिकला. अल्बममधली वाद्यांची मांडणी ऐकताना हे लक्षात ठेवा, म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

याआधी ही मंडळी काय करत होती?

मायकेल जाइल्स, त्याचा भाऊ पीटर आणि फ्रिप यांनी 'जाइल्स, जाइल्स अँड फ्रिप' या नावाने 1968 मध्ये एक अल्बम काढला होता. तो फारसा कुणी घेतला नाही. मग मॅकडोनाल्ड आला आणि त्याच्यामुळे सिनफील्ड. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड सोडून आलेली गायिका ज्युडी डायबल काही काळ त्यांच्यात होती. तिच्या आवाजातलं 'आय टॉक टू द विंड'चं घरगुती ध्वनिमुद्रण 1976 च्या एका संकलनात निघालं. जरूर ऐका. गाणं तेच, पण त्यात अजून थंडी शिरलेली नाही.

पीटर जाइल्स बाहेर पडला, लेक आत आला आणि 13 जानेवारी 1969 रोजी लंडनच्या फुलम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात सराव सुरू झाला. म्हणजे पहिल्या सरावापासून तबकडी दुकानात येईपर्यंत नऊ महिने.

हाइड पार्कचं प्रकरण काय आहे?

5 जुलै 1969. रोलिंग स्टोन्सचा लंडनच्या हाइड पार्कमधला मोफत कार्यक्रम. स्टोन्सचा गिटारवादक ब्रायन जोन्स याला जाऊन दोनच दिवस झालेले. लाखोंची गर्दी. त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांमध्ये हा बँड होता, ज्याची तोवर एकही तबकडी निघालेली नव्हती. त्यांनी 'स्किझॉइड मॅन'ने सुरुवात केली आणि शेवट केला तो होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या 'मार्स'ने, मेलोट्रॉन (टेपवर चालणारा कीबोर्ड) आणि ड्रमवर. ते 'मार्स' अल्बममध्ये नाही, पण त्या वर्षीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत सापडतं.

ध्वनिमुद्रण कुठे झालं? निर्माता बदलला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. मूडी ब्लूजचे अल्बम घडवणारा टोनी क्लार्क हा निर्माता आधी ठरला होता. त्याच्याबरोबर जून 1969 मध्ये काम सुरूही झालं. पण जे निघत होतं ते बँडला आपलं वाटेना. त्यांनी ते काम सोडून दिलं आणि जुलैच्या उत्तरार्धात स्वतःच निर्माते होऊन नव्याने सुरुवात केली.

एकाही अल्बमचा अनुभव धड गाठीशी नसलेल्या पोरांच्या हाती स्टुडिओ सोपवायचा, हे त्या काळात सहसा घडत नसे. डेव्हिड एंथोव्हन आणि जॉन गेडन या त्यांच्या दोन व्यवस्थापकांनी तो विश्वास टाकला. या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांची 'ईजी' ही कंपनी. पुढच्या सगळ्या पुनःप्रकाशनांच्या गोष्टीत हे नाव पुन्हा येईल.

स्टुडिओ होता वेसेक्स, उत्तर लंडनमधल्या हायबरी भागातला. ती वास्तू एकोणिसाव्या शतकातलं चर्चचं सभागृह. उंच छत, मोकळी जागा. जाइल्सच्या ड्रमभोवती जी हवा ऐकू येते, ती त्या खोलीची आहे. यंत्रावर ट्रॅक आठच. ऑगस्टमध्ये काम संपलं.

आठ ट्रॅकवर एवढं सगळं मावलं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण पुनःप्रकाशनाची सगळी कथा यातूनच निघते.

आठ ट्रॅक म्हणजे एकाच रुंद टेपवर शेजारी शेजारी आठ स्वतंत्र पट्ट्या. एका पट्टीवर बास, दोनांवर ड्रम, एकीवर गिटार असं करत करत टेप लवकरच भरते. मॅकडोनाल्डला तर अजून मेलोट्रॉनचे थर चढवायचे आहेत, बासरी घालायची आहे, लेकला आपल्याच आवाजाला साथ करायची आहे. मग काय करायचं? भरलेल्या पट्ट्या एकत्र मिसळून दुसऱ्या कोऱ्या टेपच्या एका किंवा दोन पट्ट्यांवर उतरवायच्या. उरलेल्या पट्ट्या मोकळ्या मिळाल्या, की त्यांवर पुढचं वाजवायचं. तीही टेप भरली, की पुन्हा तेच.

यात दोन तोटे होतात. दर उतरवणीला आवाज थोडा मळतो, टेपची सळसळ वाढते. आणि एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही. पुरण एकदा वाटलं, की त्यातली डाळ आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत. ड्रम थोडे मोठे हवे होते असं नंतर वाटलं, तरी ड्रमबरोबर मिसळलेला बासही मोठा होतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कान पक्का लागतो. हे सगळं त्यांनी तिशीच्या आत आणि कुणा जाणत्या निर्मात्याच्या हाताविना केलं.

मेलोट्रॉन म्हणजे सिंथेसायझरच ना?

नाही. मेलोट्रॉनमध्ये आवाज तयार होत नाही, आधी भरून ठेवलेला आवाज वाजतो. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्याचा तेवढा एक सूर ध्वनिमुद्रित केलेला असतो, उदाहरणार्थ व्हायोलिनचा. पट्टी दाबली की टेप हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, सरकू लागते. सोडली की स्प्रिंग ती मागे खेचते. टेप सुमारे आठ सेकंदांची. त्याहून जास्त वेळ पट्टी दाबून ठेवली तर सूर तुटतो. म्हणून वाजवणाऱ्याला सतत श्वास मोजत बसावं लागतं, पेटीवाल्याला भात्याचं भान ठेवावं लागतं तसं.

हे यंत्र इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं, 1963 पासूनचं. जड, लहरी, हवा दमट झाली की सूर ढळणारं. 'एपिटाफ'मधले व्हायोलिन किंचित थरथरतात ते टेपच्या त्या ढळण्यामुळे. खरा वाद्यवृंद आणला असता तर सूर पक्के लागले असते, पण ते दूरवरून येणारं रडणं मिळालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

'स्किझॉइड मॅन'मध्ये आवाज फाटतो. माझी तबकडी खराब आहे का?

लेकचा आवाज मुद्दाम तसा फाडलेला आहे. तो दोष नाही.

मात्र त्याखाली दुसरी एक खरखर आहे, ती खरोखरच दोषाची. मिक्स ज्या यंत्रावर उतरवलं, त्याचं हेड नीट जुळलेलं नव्हतं. त्यामुळे वरचे तीव्र स्वर दबले आणि नको ती विकृती शिरली. याच गाण्यात ती सगळ्यात जास्त जाणवते. अल्बम निघाल्यावर हे ध्यानात आलं. अमेरिकेतल्या आवृत्तीसाठी टेप तयार करताना ते शक्य तितकं सुधारण्याचा प्रयत्न झाला.

मग मूळ मास्टर टेप हरवली होती, हे कसं काय?

हरवली म्हणण्यापेक्षा विसरली गेली. पहिल्या पिढीची स्टिरिओ मास्टर टेप, म्हणजे अंतिम मिश्रण ज्यावर उतरवलं ती मूळ टेप, संग्रहात कुठेतरी ठेवली गेली आणि जगभरातल्या आवृत्त्या तिच्या नकलांवरून निघत राहिल्या. पुढे ईजीचे हक्क व्हर्जिन कंपनीकडे गेले आणि सगळे खोकेही हलले. 1989 ची फ्रिपच्या देखरेखीखालची सीडी असो की तिसाव्या वर्षानिमित्त काढलेली, दोन्ही नकलेवरूनच. खरी टेप सापडली ती या शतकाच्या सुरुवातीला आणि तिच्यावरून ध्वनितंत्रज्ञ सायमन हेवर्थने केलेलं रीमास्टर 2004 मध्ये बाहेर आलं.

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'आय टॉक टू द विंड'मधल्या बासरीच्या फुंकेचा आवाज आला. सूर लागायच्या आधीचा, नुसत्या हवेचा. माझ्या कॅसेटवर तो कधीच नव्हता. मी ते गाणं त्या रात्री चारदा लावलं.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय?

रीमास्टरमध्ये मिसळून झालेली दोन चॅनेलची टेप हातात असते. तिचं झिलईकाम होतं, वाद्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. रीमिक्समध्ये मूळ आठ ट्रॅकच्या टेपांकडे परत जायचं आणि मिश्रण पहिल्यापासून करायचं.

चाळिसाव्या वर्षानिमित्त 2009 मध्ये हेच झालं. पॉर्क्युपाइन ट्री बँडचा स्टीव्हन विल्सन आणि फ्रिप यांनी नवं स्टिरिओ मिक्स आणि 5.1 सराउंड (चहूबाजूंनी ऐकू येणारं) मिक्स केलं. गंमत अशी, की वर सांगितलेल्या उतरवणीच्या आधीच्या टेपाही जपलेल्या होत्या. त्या संगणकावर एकमेकींशी जुळवून घेतल्या, की मिसळण्यापूर्वीचे सुटे ड्रम, सुटा बास, सुटे मेलोट्रॉनचे थर हाती लागतात. पुरण वाटण्याआधीची डाळ सापडली! 1969 साली खुद्द बँडलाही मिक्स करताना हे सुटे आवाज मिळालेले नव्हते.

फ्रिप इतकी वर्षं यात का गुंतला?

कारण नव्वदच्या दशकातली त्याची कित्येक वर्षं ईजीशी हक्क आणि मानधनाच्या भांडणात गेली. त्या काळातच, 1992 मध्ये, त्याने डेव्हिड सिंगलटनबरोबर 'डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल' ही स्वतःची कंपनी काढली. संगीताचे हक्क संगीतकाराकडेच राहावेत, हे तिचं धोरण. आपल्या टेपा आपल्या ताब्यात आल्याशिवाय त्यांची अशी निगा राखता आली नसती. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गायकांच्या खाजगी मैफलींच्या टेपा माळ्यावर बुरशी धरून गेल्या. त्या आठवल्या, की या माणसाच्या हट्टाची किंमत कळते.

'मूनचाइल्ड' काही ठिकाणी 12 मिनिटांचं आणि काही ठिकाणी 9 मिनिटांचं का?

मूळ 12 मिनिटांचं. सुरुवातीची अडीच मिनिटं गाणं, मग फ्रिप, मॅकडोनाल्ड आणि जाइल्स यांचं ठरवून न केलेलं, हलक्या हाताचं वादन. 2009 च्या नव्या मिक्समध्ये फ्रिपने त्यातली काही मिनिटं कापली. पूर्ण रूप त्याच सीडीवर शेवटी जोडलं आहे. तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे ओळखायची सोपी खूण हीच: या गाण्याची लांबी बघा.

निर्मात्यालाच नको होतं तर आपण तरी का ऐकायचं, असं विचारणारे असतात. मी त्यांना सांगतो, रात्री दिवे मालवून ऐका. व्हायब्राफोनचा एक थेंब पडतो, गिटार त्याला उत्तर देते, जाइल्सची काडी झांजेला नुसती शिवते. आलापात दोन स्वरांमधली शांतता ऐकायची सवय असलेल्या कानाला हे अवघड नाही. शेवटाकडे फ्रिप 'ओक्लाहोमा' या जुन्या अमेरिकन संगीतिकेतल्या एका गाण्याचे चार स्वर सहज वाजवून जातो. ते पकडता आले तर बघा.

मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा चेहरा कुणी काढला?

बॅरी गॉडबर. सिनफील्डचा मित्र, व्यवसायाने संगणक प्रोग्रॅमर. आरशात स्वतःचा चेहरा बघून त्याने तो रंगवला. बाहेरच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. घडी उघडली की आत दुसरा, हसणारा चेहरा. त्या चेहऱ्याचं तोंड हाताने झाकून फक्त डोळे बघा, असं फ्रिपने सुचवलं आहे. मी करून पाहिलं. डोळे अतिशय उदास आहेत.

अल्बम निघाल्यावर चारेक महिन्यांत, फेब्रुवारी 1970 मध्ये, गॉडबर हृदयविकाराने गेला. वय 24. मूळ चित्र ईजीच्या कार्यालयात भर उजेडात टांगलेलं होतं. रंग उडतील म्हणून फ्रिपने ते पुढे स्वतःकडे आणलं.

आज घ्यायचा तर कोणता घ्यावा?

माझं मत स्पष्ट आहे: आधी मूळ मिक्स. 2004 चं रीमास्टर, किंवा नंतरच्या आवृत्त्यांत 'मूळ अल्बम मिक्स' म्हणून दिलेलं असतं ते. दोषांसकट तेच या पाच जणांनी त्या ऑगस्टमध्ये ऐकलं आणि 'झालं' म्हणून हात झटकले. मग विल्सनचं मिक्स घ्या. 2009 चं आहे, आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त त्याने 2019 मध्ये पुन्हा नव्याने केलेलंही आहे, तीन सीडी आणि एका ब्लू-रेच्या संचात. नव्या मिक्समध्ये ड्रम आणि बास कितीतरी मोकळे वाटतात.

2020 मध्ये त्या एका वर्षातल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा 26 चकत्यांचा संचही निघाला. तो अभ्यासकांसाठी. एकच गाणं अर्धवट थांबलेलं, चुकलेलं, पुन्हा धरलेलं ऐकायची ज्याला हौस आहे त्याने तो मिळवावा. मला ती आहे.

ब्रिटनची पहिली आवृत्ती शोधत असाल तर गुलाबी लेबल आणि 'आयएलपीएस 9111' हा क्रमांक बघा. मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं, तेव्हापासून अशा गोष्टी हातात घेऊन बघायची एक मोठी जागा गेली. ऑनलाइन ऐकायचं तर जून 2019 पासून बँडचे अल्बम तिथे आहेत.

ही पाच जणं नंतर एकत्र राहिली का?

नाही. डिसेंबर 1969 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर मॅकडोनाल्ड आणि जाइल्सने बाहेर पडायचं ठरवलं. बँड टिकावा म्हणून हवं तर मी जातो, असं फ्रिपने म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही. लेकही पुढच्या वर्षी गेला आणि इमर्सन, लेक अँड पामरमध्ये सामील झाला. लेक 2016 मध्ये वारला, मॅकडोनाल्ड 2022 मध्ये आणि सिनफील्ड 2024 मध्ये.

शेवटचं गाणं संपल्यावर पुन्हा काहीतरी वाजतं, ते काय?

शीर्षकगीत पूर्णपणे थांबतं. मग अगदी लहानसा, जत्रेतल्या वाजंत्रीसारखा एक तुकडा ऐकू येतो आणि त्याच्यामागून सगळा बँड मेलोट्रॉनसकट पुन्हा कोसळतो. त्याचं नाव 'द डान्स ऑफ द पपेट्स'. माझ्या मित्राने कॅसेट भरताना गाणं संपलं असं समजून आधीच बटण दाबलं होतं. त्यामुळे हा शेवट मी पहिल्यांदा ऐकला तो सहा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, हातात चहाचा कप असताना.